अकरावी केमिस्ट्रीचा कोथरूडमधला छोटा क्लास, वर्षभराचा अनुभव

मागच्या वर्षी याच दिवसांत मी भेटेल त्याला विचारत होते की अकरावी सायन्सला केमिस्ट्रीसाठी मुलीला कुठे घालू, तेव्हा बऱ्याच जणांनी मनापासून सांगितलं होतं, म्हणून आता आमचं वर्ष पूर्ण झाल्यावर सविस्तर लिहितेय. क्लास डहाणूकर कॉलनीच्या बाजूला आहे, एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर दोन खोल्या. शिकवणाऱ्या मॅडम ज्युनिअर कॉलेजमधून रिटायर झाल्यात. त्यांचं नाव नेटवर टाकायला त्यांनी नको म्हटलंय, एका बॅचला सोळाच मुलं घेतात आणि तेवढी दरवर्षी येतातच.

आधीचं थोडं सांगते म्हणजे आम्ही तिथे का गेलो ते कळेल. लेक मराठी मीडियमची, आठवीपासून सेमी. दहावीला सायन्सला चांगले मार्क होते. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली, अकरावीचं कॉलेज खऱ्या अर्थाने सुरू व्हायला ऑगस्ट उजाडतो, म्हणून एप्रिलमध्येच एका मोठ्या क्लासला घातलं. शंभरच्या आसपास मुलं, एसी हॉल, जाडजूड मॉड्यूल, पहिल्याच दिवशी मोल कन्सेप्ट, म्हणजे अणुरेणू मोजायचं एकक. तिसऱ्या आठवड्यात लेक म्हणाली, आई सर म्हणतात हे तुम्हाला नववीत झालंय, पण मला काहीच आठवत नाहीये आणि बाकी सगळे माना डोलावतायत. नववीच्या पुस्तकात तो धडा आहे खरा, द्रव्याचे मोजमाप, त्यात मोल पण आहे. तिने तो पाठ करून परीक्षेत लिहिलाही होता. पण मधल्या दीड वर्षात त्यातलं काहीही उरलं नव्हतं आणि हे शिकवणाऱ्याला माहीत करून घ्यायची तिथे कुठे सोयच नव्हती. महिन्याभरात बंद केलं, भरलेल्या पैशातले थोडेच परत मिळाले.

मॅडमकडे गेल्यावर पहिली गोष्ट काय झाली तर फी सांगायच्या आधी त्यांनी लेकीच्या हातात एक कागद दिला. वीस प्रश्न, मार्क नाहीत, वेळेचं बंधन नाही, प्रत्येक उत्तरापुढे "असं का वाटतं" म्हणून दोन ओळी जागा. मी बाहेरच्या खोलीत बसले होते, मलाही एक कागद दिला, हवं तर सोडवा म्हणाल्या. प्रश्न एकदम साधे. उकळत्या पाण्यात जे बुडबुडे येतात त्यात काय असतं? १०० ग्रॅम पाण्यात १० ग्रॅम साखर विरघळवली तर एकूण वजन किती? लोखंडाला गंज चढला तर वजन वाढतं की कमी होतं? तांब्याचा एकच अणू वेगळा काढला तर तो लालसर दिसेल का? पदार्थ तापवला की फुगतो, तेव्हा त्याचे रेणू मोठे होतात का?

लेकीने बुडबुड्यात हवा असते असं लिहिलं होतं. शेजारच्या मुलाने हायड्रोजन आणि ऑक्सिजन. मॅडमनी कोणालाच बरोबर चूक सांगितलं नाही, फक्त विचारलं की तुझ्या म्हणण्याप्रमाणे पातेलं अर्धा तास उकळलं तर पाणी कमी कसं होतं, एवढी हवा पाण्यात आली कुठून. दुसऱ्याला विचारलं की हायड्रोजन असेल तर गॅसच्या ज्योतीजवळ पेटायला नको का. दोघं बराच वेळ गप्प बसले आणि मग लेक म्हणाली की म्हणजे बुडबुड्यात पण पाणीच आहे का, फक्त वाफ होऊन. तिने तिचं तिलाच शोधलं ते, आणि तो चेहरा बघूनच मी ठरवलं की इथेच घालायचं.

नंतर पालकांच्या मीटिंगमध्ये मॅडमनी हे असं का करतात ते सांगितलं. डेव्हिड ऑसुबेल नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९६८ मध्ये मांडलं होतं की नवीन शिकण्यावर सगळ्यात जास्त परिणाम कशाचा होतो तर शिकणाऱ्याला आधीपासून काय माहीत आहे त्याचा, तर ते आधी शोधा आणि मग त्यावरून शिकवा. ऐकायला अगदी साधं आहे, पण मला सांगा, आपल्या मुलांना आजवर कोणी शिकवायच्या आधी असं विचारलंय?

आता शिकवण्याबद्दल. केमिस्ट्रीत "आधीचं माहीत असणं" हे किती प्रकारचं असतं ते मला या वर्षात कळलं, मी स्वतः कॉमर्सची. एक असतं ते घरातून, स्वयंपाकघरातून आलेलं. त्यातलं काही एकदम कामाचं असतं आणि काही आडवं येतं. गंजाच्या प्रश्नाला बॅचमधल्या बहुतेक सगळ्यांनी वजन कमी होईल लिहिलं होतं, मीही तेच लिहिलं, कारण गंजलेली कडी ठिसूळ होते, भुगा पडतो, आपण म्हणतोच की गंजाने लोखंड खाल्लं. मॅडम म्हणाल्या हे उत्तर मूर्खपणाचं नाहीये, तुम्ही जन्मभर लाकूड जळून राख होताना बघितलंय, राख हलकी असते, म्हणून जळलं की वजन घटतं हे डोक्यात पक्कं बसलंय. मग त्यांनी हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते बारीक स्टील वूल काट्यावर ठेवलं, सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा, खाली फरशीचा तुकडा. बरोबर ५ ग्रॅम. प्रत्येकाने वहीत आधी लिहायचं की पेटवल्यावर आकडा कुठे जाईल आणि का. नऊ व्होल्टची बॅटरी टेकवल्याबरोबर लाल ठिणग्या सगळीकडे धावल्या, आणि आकडा वर सरकायला लागला. ५.४ च्या पुढे गेला. खोलीत एकदम गोंधळ, एकजण म्हणाला काटा बिघडलाय, म्हणून परत केलं, परत तेच.

मग मॅडमनी लाकडाकडे परत नेलं. लाकूड जळताना कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ उडून जाते, ती आपल्याला दिसत नाही म्हणून आपण राखेचंच वजन बघतो. लोखंडाचं ऑक्साइड घन आहे, उडून जात नाही, म्हणून हवेतला आलेला ऑक्सिजन काट्यावर दिसतो. दोन्हीकडे नियम एकच, सगळं धरलं तर एकूण वजन तेवढंच राहतं, फक्त एकीकडे हिशोबातलं गिऱ्हाईक दाराबाहेर निघून गेलं. हे नुसतं फळ्यावर सांगितलं असतं तर लेकीने लिहून घेतलं असतं आणि परीक्षेपर्यंत लाकडाचंच उत्तर डोक्यात राहिलं असतं, हे तीच म्हणते.

कामाला आलेल्या माहितीचं उदाहरण मला फार आवडलं. बॅचमध्ये एक मुलगा आहे, त्याच्या आजोबांची नारायणगावकडे द्राक्षबाग. मॅडमनी मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा टाकला तसा हा एकदम म्हणाला, मॅडम, बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं फवारायचं औषध) लोखंडी पिंपात करायचं नाही, आजोबा ओरडतात, प्लॅस्टिकच्याच ड्रममध्ये करायचं. एरवी तो मुलगा तोंड उघडत नाही, मार्क पण बेताचे. मॅडमनी त्या दिवशीचा सगळा तास त्याच्या आजोबांच्या पिंपावर घेतला. पिंपाला काय होईल, मिश्रणातलं तांबं कुठे जाईल, मग पानावर फवारल्यावर औषधाचा उपयोग कमी का होईल. खिळ्यावर तोवर तांबूस थर चढला होता आणि पाण्याचा निळा रंग फिका पडत होता. विस्थापन अभिक्रिया, म्हणजे लोखंडाने तांब्याची जागा घेणं, हा शब्द सगळ्यात शेवटी आला, समीकरण त्याच्याही नंतर. मॅडम सांगत होत्या की ग्लासगोचे अॅलेक्स जॉनस्टन म्हणून रसायनशास्त्राच्या शिक्षणावर काम करणारे होते, त्यांनी १९९१ मध्ये केमिस्ट्री अवघड का जाते ते लिहिलं, की त्यात एकाच वेळी तीन पातळ्या असतात, डोळ्यांना दिसतं ते, आत अणुरेणूंचं चाललेलं असतं ते, आणि कागदावरची चिन्हं, आणि शिक्षक तिन्हींवर सहज उड्या मारतो पण नवशिक्या मुलाला तिन्ही एकदम झेपत नाही. म्हणून मॅडम मुलांना आधीपासून माहीत असलेल्या पातळीवरून सुरुवात करतात. पिंपावरून.

दुसरा प्रकार भाषेचा, आणि यावर तर मी कधी विचारच केला नव्हता. आपल्याकडे घरात सर्रास म्हणतात साखर वितळली का गं चहात. वितळणं आणि विरघळणं हे दोन वेगळे शब्द मराठीत आहेत, तरी बोलताना आपण मिसळतो, आणि मग मुलाच्या डोक्यातही ते एकच होऊन बसतं. मॅडमनी एका वाटीत साखर पाण्यात टाकली आणि दुसरीकडे कढल्यात नुसती साखर तापवली, आता सांगा वितळलं कुठलं. तसंच सौम्य (वीक) आणि विरल (डायल्यूट). तीव्र (स्ट्राँग) आणि संहत (कॉन्सन्ट्रेटेड). व्हिनेगरमधलं अॅसेटिक आम्ल कितीही घट्ट केलं तरी सौम्यच राहतं, कारण त्याचे थोडेच रेणू आयन (भार असलेले कण) देतात, आणि हायड्रोक्लोरिकमध्ये बादलीभर पाणी घातलं तरी ते तीव्रच, फक्त विरल झालं. लेक आजवर दोन्ही "स्ट्राँग" म्हणजे "जास्त जोरदार" एवढंच समजत होती, आपण चहालाही स्ट्राँग म्हणतोच ना.

सगळ्यात गंमत क्षार या शब्दाची झाली. बावधनहून येणाऱ्या एका मुलीसाठी क्षार म्हणजे टँकरच्या आणि बोअरच्या पाण्याने नळावर चढतो तो पांढरा थर. आमच्या लेकीसाठी क्षार म्हणजे पुस्तकातलं, आम्ल अधिक आम्लारी बरोबर क्षार अधिक पाणी. आणि एक मुलगी आठवीपर्यंत हिंदी मीडियमला होती, तिच्या पुस्तकात बेसला क्षारक म्हणायचे, पाण्यात विरघळणारा असेल तर क्षार, आणि सॉल्टला लवण. म्हणजे एकाच शब्दाचे तीन अर्थ घेऊन तीन मुली एका बाकावर, आणि अकरावीत पुस्तक इंग्रजी, तिथे सॉल्ट म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर मीठ. मोठ्या हॉलमध्ये हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं, ती मुलगी नुसती "कच्ची" ठरली असती. मॅडमनी बावधनच्या मुलीला नळावरचा थर खरवडून आणायला सांगितला, त्यावर व्हिनेगर टाकलं, फसफसलं, मग तो कार्बोनेट आहे, म्हणजे तोही सॉल्टच, असं करत सगळे अर्थ एका जागी आणले. वहीच्या मागे त्यांनी तीन कॉलमची यादी करायला लावलीय, घरातला शब्द, मराठी पुस्तकातला शब्द, इंग्रजी शब्द. ती यादी लेक अजून वाढवते. रिडक्शनला तिने लाल पेनने मोठी टीप लिहिलीय, कारण इंग्रजीत कमी होणं आणि इथे तर इलेक्ट्रॉन मिळतात, मग कमी काय झालं, तर इलेक्ट्रॉन ऋण असल्यामुळे ऑक्सिडेशन नंबर, म्हणजे अणूवर मानलेला भार, कमी होतो.

तिसरा प्रकार म्हणजे शाळेतच बरोबर शिकलेलं, पण पुढे अडकवणारं. २, ८, ८ चं अष्टक, म्हणजे अणूच्या बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन पूर्ण होतात हा नियम, आमच्या लेकीला इतकं पक्कं होतं की सल्फर हेक्झाफ्लोराइडमध्ये सल्फरभोवती बारा इलेक्ट्रॉन मोजायला लागतात हे तिला मान्यच होईना, पुस्तकात छपाईची चूक आहे म्हणाली. सोडियमला इलेक्ट्रॉन "द्यायचाच असतो" असंही तिला वाटायचं, जणू तो देऊन मोकळा होतो. प्रत्यक्षात एक मोल सोडियम अणूंकडून एकेक इलेक्ट्रॉन काढायला साधारण ४९६ किलोज्यूल ऊर्जा घालावी लागते, मग मीठ तयार होताना ऊर्जा बाहेर का पडते तर क्लोरिनकडे इलेक्ट्रॉन जाणं आणि मुख्य म्हणजे धन ऋण आयनांची घट्ट जाळी बनणं. आणि त्या जाळीत "मिठाचा रेणू" असा सुटा नसतोच, एका सोडियमभोवती सहा क्लोराइड. अणूंमधला बंध तुटला की ऊर्जा मिळते हे बायोलॉजीतून आलेलं, तेही असंच मोडायला लागलं, बंध तोडायला नेहमी ऊर्जा लागते आणि बनताना ती सुटते. मॅडम अष्टकाला चुकीचं म्हणत नाहीत. कुठपर्यंत चालतं आणि कुठे सोडायचं ते दाखवतात, त्यामुळे मुलांना दहावीत आपल्याला फसवलं असं वाटत नाही.

आणि चौथं, मुळात माहितीच नसणं. इथे मॅडम कडक आहेत. चिन्हं, संयुजा, नेहमीचे आयन पाठ म्हणजे पाठ, रोज पहिली पाच मिनिटं तोंडी. मला आधी हे त्यांच्या बाकीच्या पद्धतीशी जुळत नाही असं वाटलं होतं, विचारलंही. त्या म्हणाल्या, लहान मुलाला "ज्ञान" वाचताना ज्ञ हे एक अक्षर म्हणून दिसलं तर अर्थाकडे लक्ष जातं, पण ज् आणि ञ जुळवत बसलं तर शब्द संपेपर्यंत वाक्य विसरतं. सल्फेट हे जोडाक्षरासारखं एकदम दिसलं पाहिजे. एक सल्फर, चार ऑक्सिजन, दोन ऋणभार असं सुटं धरून ठेवलं तर अॅल्युमिनियम सल्फेटचं समीकरण संतुलित करताना डोक्यात दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही. आमच्या घरी फ्रीजवर महिनाभर आयनांची यादी होती, भाजी चिरताना मी विचारायचे, आता मलाही फॉस्फेट, नायट्रेट पाठ झालेत.

गणिताचंही तसंच. मोल हा धडा लेकीला केमिस्ट्रीमुळे जात नव्हता असं नाहीच, तिला गुणोत्तर आणि घातांक नीट येत नव्हते. मॅडमच्या शेल्फवर चार बरण्या आहेत, १८ ग्रॅम पाणी, ५८.५ ग्रॅम मीठ, ३४२ ग्रॅम साखर, १२ ग्रॅम कोळसा, प्रत्येक एक मोल. पाणी बघून धक्का बसतो, जेमतेम चार चमचे, आणि त्यात ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके रेणू. मग सरळ त्रैराशिक, १८ ग्रॅमला एक मोल तर ४५ ग्रॅमला किती. त्रैराशिक हा शब्द लेकीने आजोबांकडून ऐकला होता, घरी आल्यावर दोघं अर्धा तास बसले. आजोबांना बारावीला मोलची जुनी व्याख्या होती, १२ ग्रॅम कार्बन १२ वाली, ती २० मे २०१९ पासून बदलून आकडाच पक्का ठरवलाय हे नातीने त्यांना सांगितलं. लॉग टेबल मॅडम जूनपासूनच वापरायला लावतात कारण बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही.

आता जे आवडलं नाही ते. वेग खूप कमी आहे. मोलवर पाच आठवडे गेले, तोवर कॉलेज अणुसंरचनेवर पोचलं होतं आणि पहिल्या युनिट टेस्टला लेकीला २५ पैकी १२ पडले, घरात ताण आला, ह्यांनी तर क्लास बदलूया म्हटलं. पुढे रेडॉक्स आणि इक्विलिब्रियमला ती भराभर गेली, दुसऱ्या सत्रात २१ आले, पण मधले दोन महिने धीर लागतो हे आधी माहीत असावं. ऑरगॅनिकचा भाग मात्र शेवटी घाईत झाला, नावं देण्याचे नियम तीन तासांत उरकले, ते मला पटलं नाही आणि मी मॅडमना तसं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि मेमध्ये चार जादा तास घेतले. एमसीक्यूचा सराव अगदीच कमी. सीईटीला केमिस्ट्रीचे ५० प्रश्न असतात आणि त्यातले साधारण वीस टक्के अकरावीवर, त्यासाठी आम्ही अप्पा बळवंत चौकातून वेगळं पुस्तक आणलं. जेईईची तयारी करणाऱ्यांना हे पुरणार नाही, बॅचमधला एक मुलगा आधीच खूप पुढे होता, त्याला तेच ते समजावणं कंटाळवाणं झालं. मॅडम त्याला वेगळी गणितं द्यायच्या, तरी तो दिवाळीनंतर थांबला. रेकॉर्डिंग नाही, छापील नोट्स नाहीत. पावसाळ्यात लेक डेंग्यूने दहा दिवस झोपून होती, तेव्हा मैत्रिणीच्या वहीवर भागवावं लागलं.

ज्यांना विचारायचंय त्यांच्यासाठी, फी मोठ्या क्लासच्या पाव हिश्श्यापेक्षा कमी आहे आणि दोन हप्त्यांत घेतात. दहावीनंतरची तीन आठवड्यांची बॅच मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते, ती चुकवू नका, कारण तो वीस प्रश्नांचा कागद आणि बहुतेक प्रयोग त्यातच असतात. मेट्रोने वनाजला किंवा आयडियल कॉलनीला उतरून रिक्षा करावी लागते, गाडी लावायला जागा नाही, बिल्डिंगवाले बाहेरच्या टू व्हीलर गेटच्या आत घेऊ देत नाहीत. मुलाला सोबत घेऊन जा आणि आधी फोन केला तर मॅडम चाललेल्या तासाला मागे बसू देतात. आमचा तो वीस प्रश्नांचा कागद अजून घरात आहे, मॅडमनी वर्षअखेरीला परत दिला, त्याच्यावरच लेकीने हिरव्या पेनने नवीन उत्तरं लिहिलीत. एकोणीस बदलली. तांब्याच्या अणूच्या रंगाचं तिने आधीही बरोबर लिहिलं होतं, पण "असं का वाटतं" च्या दोन ओळी तिथेही खोडून परत लिहिल्यात.